जरीपटक्यातला निळा बोका

मे महिन्यात नागपूरच्या जरीपटक्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि गल्लीतली सगळी पोरं आमच्या बैठकीत येऊन पडतात, कारण आमचा टीव्ही कूलरच्या अगदी समोर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. त्यामुळे पोरांत निम्मी सिंधी, निम्मी मराठी. पण 'स्टँड बाय मी डोरेमॉन' लागला की सगळी त्यातल्या नोबिता नावाच्या पोराच्या हिंदीत बोलतात.

फुजिको एफ. फुजिओंचा हा निळा यंत्रबोका १९६९ च्या अखेरीस जपानी मुलांच्या मासिकांत अवतरला. २०१४ मध्ये त्याचा हा सिनेमा निघाला. बोक्याचा जन्म मात्र ३ सप्टेंबर २११२ चा. म्हणजे तो व्हायचाय अजून, आणि आमच्या घरात त्याच्या कामाची वाटणी आधीच झाली.

"कूलरमध्ये पाणी तरी भरंल," आई म्हणाली.

"त्याचं वजन १२९.३ किलो आहे, आजी. स्टूल मोडंल," भाचा म्हणाला.

"मंग उंदीर पकडंल."

"उंदराले तर तो भेतो. उंदरानंच कान खाल्ले त्याचे."

"अन् खाते काय?"

तो डोरायाकी खातो. दोन जाड धिरड्यांमध्ये लाल कडधान्याचं गोड सारण. "म्हणजे पुरणच की!" आईनं निकाल दिला. "काम नाही न् धाम नाही, अन् रोज पुरण पाहिजे. असे आहेत आपल्या घरात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

शेजारच्या आंटी दाल-पकवानाचं ताट घेऊन आल्या होत्या. त्यांचा आक्षेप मुद्द्याचा होता. नोबिताच्या खापरपणतूनं बोक्याला भविष्यातून धाडलं, काम अर्धवट टाकून परत जायचं म्हटलं तर विजेचा झटका बसेल अशी सोयही केली. "ये दोस्ती थोड़ी है? ये तो ड्यूटी है!"

भाचा पकवान मोडत म्हणाला, "मामा, तुमचं अन् मामीचं लग्न बी तर आबानंच जमवलं ना? मंग? झाली का नाही दोस्ती?"

स्वयंपाकघरातली भांडी एकदम थांबली. मी ताबडतोब "झाली" म्हणालो. कूलरच्या आवाजात ते आत पोचलं नसावं, म्हणून दुसऱ्यांदा बेंबीच्या देठापासून म्हणालो. भांडी पुन्हा वाजू लागली.

सिनेमात शेवटी बोक्यावर परत जायची वेळ येते. त्याला निश्चिंतपणे जाता यावं म्हणून भित्रा नोबिता रात्री एकटाच दांडगट जियानशी भिडतो, मार खातो, पण सोडत नाही. एरवी "कार्टून बंद कर" म्हणणारी बहीण इथे पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "कूलरचं पाणी उडून राहिलं." त्या दिवशी कूलर पंख्यावरच चालू होता. टाकी कोरडी ठाक.

सावरल्यावर तिनं संधी साधली. "पाह्यलं? नोबिता एकटा लढला. तू बी गणितं एकट्यानं कर."

"करतो ना," भाचा कूलरसमोर आणखी पसरला. "पण त्याच्याकडं आधी डोरेमॉन आला होता. माझा २११२ मध्ये येईल."