मागच्या सीटवरची मंडळी

गाडीचं पुढचं सस्पेन्शन ही चालवणाऱ्याची खाजगी बाब असते. मागचं मात्र घरगुती प्रकरण आहे. पुढे काहीही बसवा, त्याचे धक्के स्टिअरिंगमधून तुमच्याच मनगटात येतात आणि त्याला ‘रोड फील’ असं गोंडस नाव देऊन तुम्ही मोकळे होता. मागे आई बसते, शेजारी मावशी बसते आणि दोघींच्या मधे लाडवांचा डबा असतो. या तिघांपैकी कुणालाच रोड फील नको असतो.

तरीही आठवडाभर कर्वे रोडवर हिंडायचं आणि सवड मिळाली की तीच गाडी कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पळवायची, अशी हौस असलेले पुण्यात बरेच आहेत. मी त्यांतलाच. पुणे ते कोइमतूर 1,200 किलोमीटरच्या आसपास आणि ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा. म्हणजे ट्रॅकसाठी म्हणून सजवलेली गाडी जन्मभर मुख्यतः ट्रॅककडे जात असते किंवा तिथून परत येत असते. हा हिशेब आधी मांडला तर सस्पेन्शनचे निम्मे वाद मिटतील. पण हौशी माणूस हिशेब कशाला ठेवेल? तो कॅटलॉग ठेवतो.

माझी गाडी पोलो. 2022 पर्यंत ती चाकणला बनायची, त्यामुळे आम्हा पुणेकरांना ती माहेरची वाटते. तिच्या मागच्या बाजूला ट्विस्ट बीम असतो: दोन बाजूंना दोन दांडे, त्यांच्या टोकांना चाकं, आणि दोन्ही दांड्यांना जोडणारी आडवी पोलादी तुळई, जी वळणावर पिळली जाते. 1974 च्या गोल्फपासून फोक्सवॅगनने ही रचना रुळवली आणि आज आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक अशाच मांडणीवर चालतात. जाणकार तिला नाकं मुरडतात. मला तिचं कौतुक आहे. स्वस्त, हलकी, डिकीतली जागा न खाणारी. सांध्यांतले रबरी बुश सोडले तर बिघडण्यासारखं तिच्यात फारसं काही नाहीच. एका चाकाला खड्डा लागला की दुसऱ्यालाही थोडी झळ पोचते, हा दोष मान्य.

आता दुखणं काय, ते सांगतो. या गाड्यांत पुढच्या चाकांनीच ओढायचं आणि त्यांनीच वळायचं. घरातल्या कर्त्या माणसाचे हाल तुम्हाला ठाऊकच आहेत. ट्रॅकवर वळणात जरा वेग ठेवलात की नाक सरळच जाऊ पाहतं. स्टिअरिंग फिरवत राहा, गाडी ऐकत नाही. गंमत अशी की पुढच्या या हट्टाचं औषध मागे असतं. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे वळणावर आतल्या चाकाचा भार बाहेरच्या चाकावर गेला, की बाहेरचं कमावतं त्यापेक्षा आतलं जास्त गमावतं आणि जोडीचा एकूण तोटाच होतो. मागचा ॲक्सल कडक केला की हा तोटा मागची जोडी जास्त सोसते, पुढच्या जोडीच्या वाट्याला कमी येतो आणि नाक वळतं. मागचं आतलं चाक तर भर वळणात चक्क हवेत उचललं जातं, दिव्याच्या खांबापाशी कुत्र्याने तंगडी वर करावी तसं. पाहणाऱ्याला वाटतं काहीतरी मोडलं. काही मोडलेलं नसतं, गाडी मजेत असते.

मागचं कडक करायचे रस्ते दोन. पहिला स्प्रिंगचा. या धंद्यात स्प्रिंग किलोवर चालते. एक मिलिमीटर दबायला किती किलो लागतात, त्यावर तिचं नाव पडतं. आमच्या मिस्त्रींनी फोनवर विचारलं, “साहेब, मागं पाच किलोची टाकू का?” फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “अरे, पाच किलो कशाला? आपण माणसं तीन.”

ती काय समजली कोण जाणे, पण उत्तर बरोबर होतं. मागच्या एका चाकावर 200 किलो भार धरा. गाडी सेकंदाला 1.5 झोके घेईल अशी रस्त्यावर सोसवणारी स्प्रिंग हवी, तर चाकापाशी मिलिमीटरला 1.8 किलो पुरतात. ट्रॅकवाल्यांच्या आवडीचे 2.5 झोके हवे असतील तर जवळजवळ 5 किलो लागतात. झोके पावणेदोन पटही वाढले नाहीत आणि कडकपणा मात्र पावणेतीन पट झाला, कारण तो वर्गाने वाढतो. मावशीचा मणकाही बहुधा वर्गानेच हिशेब ठेवतो.

जनरल मोटर्सच्या मॉरिस ओली या इंजिनिअरने 1930 च्या दशकात एक शहाणपणाची गोष्ट दाखवून दिली होती. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. म्हणून मागचा झोका पुढच्यापेक्षा थोडा जलद ठेवावा, म्हणजे मागचं टोक पुढच्याला गाठतं आणि गाडी होडीसारखी डुलत बसत नाही. ‘थोडा’ हा शब्द महत्त्वाचा. हौशी मंडळी नेमका तोच गाळतात.

दुसरा रस्ता स्टॅबिलायझर बारचा. दोन्ही दांड्यांना जोडणारी आणखी एक जाड सळई. ही मला मनापासून आवडते. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती पिळलीच जात नाही, म्हणजे स्पीडब्रेकरवर ती झोपलेली असते. गाडी वळणात कलली की मगच जागी होते. आईला तिचा पत्ताही लागत नाही.

स्पीडब्रेकर कसा असावा, हे इंडियन रोड्स काँग्रेसने कागदावर सांगून ठेवलंय: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, ताशी 25 किलोमीटरने सुखाने ओलांडता येईल असा. आमच्या सोसायटीतल्या ब्रेकरची उंची याहून जास्त आहे आणि रुंदी विचारू नका. तिथे रोज संध्याकाळी एक खेळ चालतो. समोरच्या विंगमधल्या एका तरुणाने गाडी खाली बसवली आहे. पोट घासू नये म्हणून तो ब्रेकर तिरका घेतो: आधी डावं चाक, मग उजवं, मग मागचं डावं, आणि मागे हॉर्नची रांग. असं तिरकं गेलं की झोपलेला बारही जागा होतो आणि आतल्या माणसांना डावीकडून उजवीकडे हलवतो. म्हणून गाडीची उंची कमी करू नका, निदान मागची तरी नकोच.

पाऊस हा या बारचा शत्रू. ओल्या ताम्हिणी घाटात वळणाच्या मधेच ॲक्सिलरेटर सोडलात, की भार पुढे सरकतो, मागचं हलकं होतं आणि बुड बाहेर जाऊ पाहतं. ट्रॅकवर यालाच मजा म्हणतात. घाटात एका बाजूला दरी असते. मी मेच्या शेवटी बार काढून ठेवतो. घरात छत्र्या बाहेर येतात तेव्हा बार माळ्यावर जातो.

तेव्हा माझं मत विचाराल, तर पैसे आधी स्प्रिंगचे झोके आवरणाऱ्या शॉकअपवर घाला. मूळचे शॉकअप तेल गाळू लागले असतील तर बाकीची चर्चाच फोल. स्प्रिंग कंपनीची राहू द्या, फार तर किंचित कडक. बार जरूर लावा. आणि ट्रॅकवर मागच्या टायरमध्ये 3-4 पीएसआय हवा जास्त भरून बघा. बारइतका नाही तरी फरक कळतो, आणि हवा फुकट असते.

एक शेवटचं. काम झाल्यावर मिस्त्री मागच्या बीमच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असतानाच आवळून टाकतात. तसं करू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकू द्या, गाडीचा भार बसू द्या, मगच शेवटचा पाना फिरवायला सांगा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतात.