स्वतःच्या जबाबदारीवर

‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे’ या छापील वाक्याखाली अंगठा उमटवून, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा एक रोगी परवा आमच्या देखत खोकत खोकत रुग्णालयाबाहेर पडला, आणि दारवानाने अदबीने फाटक उघडले.

कायद्याने दारवानाचे यत्किंचितही चुकले नाही. प्लेगच्या धास्तीने १८९७ साली अवघ्या चार कलमांत उरकलेल्या साथरोग कायद्याने रोगी अलग ठेवण्याचा अखत्यार दिला तो सरकारला. रुग्णालयाने स्वतःहून कोणास खाटेवर डांबावे, अशी मुभा त्यात नाही. प्लेगच्या झडतीसाठी घराघरांत सोजीर शिरत तो काळ परतावा, असे आम्हीही म्हणणार नाही. निष्काळजीपणे संसर्ग पसरवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण ती खोकल्यानंतरची.

आमचे मन गुंतले ते त्या ‘जबाबदारी’त. अर्जावर रोग्याच्या अंगठ्यास जागा आहे, नातलगाच्या सहीस आहे, साक्षीदारासही आहे. परंतु बाहेर उभ्या असलेल्या एस.टी.त, खिडक्या लावून, एकमेकांच्या मानेवर श्वास सोडीत बसलेल्या उतारूंच्या सह्यांसाठी एक ओळही नाही, आणि ज्यांच्या वर्तनावर सारा प्रश्न अवलंबून, त्या जंतूंचा तर नामोल्लेखही नाही. तेव्हा अर्जास एक पुरवणी जोडावी, तीत जंतूंनी ‘आम्ही धन्याच्या फुफ्फुसातच राहू, शेजारच्या आसनावर अतिक्रमण करणार नाही’ असे प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावे, आणि निरक्षर जंतूंच्या वतीने रुग्णालयाच्या कारकुनाने सही ठोकावी, अशी आमची नम्र सूचना आहे. कारण मजुरी बुडते म्हणून निघालेल्या त्या गरिबाच्या घरी चार महिने शिधा पोचवण्यापेक्षा कागद छापणे केव्हाही स्वस्त!

आणि त्याच फाटकाशी, त्याच घटकेस, ठणठणीत बरी झालेली एक म्हातारी गाठोडे मांडीवर घेऊन सकाळपासून बसली होती, कारण तिच्या बिलाचे अकराशे रुपये थकले होते. थकबाकीपायी रोग्यास अडकवणे बेकायदा आहे, हे न्यायालयांनी कितीदा सांगावे? तिच्यासाठी अर्ज नाही, अंगठा नाही, जबाबदारी नाही; तिच्यापुढे तो निर्लज्ज दांडगा दारवान काठी आडवी धरून उभा! जिच्यापासून कोणास काहीही लागण्याचा संभव उरला नाही, तीच तेवढी कोंडलेली.

आम्ही निघालो, तो त्याने आम्हांसही हटकले, “पास?” पास नव्हता. आम्ही खोकून पाहिले.