बाई, मारुती लावू का?

संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली, ती मी गणित शिकवते म्हणून नव्हे. आधीच्या सरांची बदली झाली आणि त्या घटकेला स्टाफरूममध्ये मी एकटीच सापडले, म्हणून. किल्लीबरोबर सहा चालते संगणक आले, तीन नुसते बसलेले आले आणि सातवी ब आली.

गोडी लागावी म्हणून मी एक्सेलमध्ये बाल आनंद मेळाव्याचा हिशोब घेतला. भेळ, सरबत, उकडलेल्या शेंगा. बी रकान्यात भाव, सीमध्ये नग, डीमध्ये विक्री. डी २ मध्ये ‘बरोबर’चं चिन्ह टाकायचं आणि बी २ गुणिले सी २ लिहायचं. पाच मिनिटांत एका गटाचं तयार! उत्तरं चोख. मी कौतुकानं भेळेचा भाव १५ चा २० केला. विक्री ढिम्म हलेना. पोरांनी तोंडी गुणाकार करून आकडे भरले होते. “बाई, पाढे येतात की आम्हाला!” पाढे मीच घोकून घेतले होते. बोलणार कोणाला?

तेवढ्यात कोपऱ्यातून रडवेला आवाज आला, “बाई, मी हरवलो.” कंट्रोल आणि खालचा बाण दाबून गडी थेट १०,४८,५७६ व्या ओळीत पोचला होता. एक्सेलमध्ये ओळी तेवढ्याच असतात म्हणून थांबला. तिसऱ्यानं भावाचा रकानाच उडवला (“जागा अडवत होता, बाई”), तशी विक्रीच्या घरांत हॅश, ‘रेफ’ आणि उद्गारचिन्ह उमटलं. त्यानं अक्षरं जुळवून ते वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, “बाई, रफार कुठं चुकला?” मराठीच्या बाईंचं शिकवणं किती खोल गेलंय, ते पाहून मला हेवा वाटला.

पण खरी परीक्षा पुढेच होती. प्रत्येक गाड्यानं विक्रीतले १० टक्के शाळेला द्यायचे. ते १० टक्के एफ १ मध्ये लिहिले, ई २ मध्ये डी २ गुणिले एफ १, आणि कोपरा धरून सूत्र खाली ओढलं. भेळवाल्यांनी इमानदारीत वाटा दिला. बाकी सगळ्यांचा शून्य. भेळवाले भांडायलाच उठले.

झालं होतं एवढंच, की सूत्र एक घर खाली उतरलं तसा त्यातला पत्ताही एक घर उतरला, आणि एफ २ तर रिकामं. पण हे सातवीला कसं सांगावं? मी म्हटलं, “‘आमच्या शेजारचं घर’ असा पत्ता सांगितला आणि तुम्ही मामाच्या गावाला राहायला गेलात, तर?”

“शेजारी बदलणार.”

“आणि ‘आपल्या गावातलं मारुतीचं देऊळ’ म्हटलं तर?”

“देऊळ कुठं जातंय, बाई!”

तर एफच्या आधी आणि एकच्या आधी डॉलर लावला, की पत्त्याचं देऊळ होतं. “रुपया लावला तर?” हा प्रश्न आलाच. नाही चालत. पण डॉलर हा शब्द त्यांना पसंत पडला नाही. दुसऱ्या दिवसापासून खोलीभर एकच गजर: “बाई, इथं मारुती लावू का?” एफ फोरची कळ दाबली की मारुती येतो. पुन्हा दाबली की तो फक्त ओळीला, तिसऱ्यांदा फक्त रकान्याला. चौथ्यांदा दाबली तर उडून जातो. हे मारुतीच्या स्वभावाला धरूनच आहे, असं वर्गाचं मत पडलं.

अशी गाडी रुळावर आली आणि वीज गेली. मी फळ्यावर रकाने आखले. आखताना आठवलं, या सगळ्याचं मूळ फळ्यातच आहे. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिननं पाहिलं, की फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की प्राध्यापक पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहितात. त्यातून त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क नावाचं तक्त्यांचं सॉफ्टवेअर आणलं. त्यात मारुती नव्हता. सूत्राची नक्कल करताना ते प्रत्येक पत्त्यापाशी थांबून विचारायचं, हा बदलू की राहू दे? इतकी सोशिकता माझ्यात असती तर!

“बाई, शेंगा दहाच्या बाराला करा.” मी पुसलं, लिहिलं. “सरबत पण वाढवा.” पुसलं, लिहिलं. हात खडूनं पांढरे. मग भेळवाल्यांनी सूड उगवला: “बाई, टक्के १० चे १५ करा.” ई रकाना अख्खा पुसून मी पुन्हा भरायला घेतला, तर मागच्या बाकावरून समाधानाचा आवाज आला,

“बघ, आता कसं सगळं आपोआप बदलतंय!”