५०० नंबरचे जिभाऊ

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या माणसाला म्हातारपणी शांतता हवी असते, असा आमचा समज होता. उभी हयात ज्याने सैल नट शोधले, खडखडाट ऐकला की ज्याचा हात आपोआप पान्याकडे गेला, त्याने दुपारी पेपर तोंडावर घेऊन पडावं, एवढी अपेक्षा काही जास्त नव्हती. शहाद्याच्या जिभाऊंनी ती पुरी केली नाही. त्यांनी घरात एक यंत्र आणून बसवलं, आणि त्या यंत्राचं काम एकच. थरथरणं.

यंत्र आणलं सुरतेच्या जावयाने. दागिन्यांना झिलई देणाऱ्या कुठल्याशा कारखान्यातून भंगारात निघालेलं. ते नंदुरबारपर्यंत रेल्वेने आलं आणि पुढे शहाद्यापर्यंत एसटीने, जावयाच्या मांडीवर. सासऱ्यासाठी मांडीवर मोटर घेऊन येणारा जावई मिळाला म्हणून गल्लीने जिभाऊंच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, कौतुक केलं. ते कौतुक यंत्र सुरू होईपर्यंत टिकलं.

जिभाऊंनी ते पूर्ण उघडलं, बेअरिंग बदललं, स्प्रिंगा बदलल्या आणि मग आल्या-गेल्याला समजावून सांगायला बसले. वर रबरी अस्तराचं भांडं, खाली मोटर. मोटरीच्या दांड्यावर मुद्दाम एका अंगाला जड केलेलं वजन. दांडा फिरला की ते वजन त्याला आपल्या बाजूला ओढतं, स्प्रिंगांवर बसलेलं भांडं थरथरू लागतं आणि आतले दगड एकमेकांना घासत वर-खाली फिरत राहतात. "चाकाचा बॅलन्स गेला की आम्ही गाडी डेपोच्या बाहेर सोडत नसू," जिभाऊ सांगतात, "इथे बॅलन्स गेलेला आहे म्हणूनच काम होतं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर, जन्मभर ज्याच्याशी भांडलो त्याच्याशीच सोयरीक जुळल्याचा आनंद असतो.

या भांड्यात पडतात तापीच्या गारगोट्या. सगळा खानदेश लाव्ह्याच्या थरांवर बसला आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा थिजला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांत सिलिका झिरपून अकीक तयार झाला. काळा कातळ झिजला, पण अकीक कठीण म्हणून मागे उरला आणि नदीच्या वाळूत आला. शहाद्याजवळच्या प्रकाशा गावाला तापी आणि गोमाईचा संगम आहे. लोक तिथे केदारेश्वराच्या दर्शनाला जातात. जिभाऊही जातात, पण देवळाच्या आधी काठाला. सारंगखेड्याच्या यात्रेत जग घोड्यांचे दात मोजत असतं आणि जिभाऊ घोड्यांच्या पायांखाली बघत चालतात. एकदा एका व्यापाऱ्याला वाटलं, हा गिऱ्हाईक फार जाणकार आहे, थेट खूर तपासतोय. त्याने किंमत सांगायला सुरुवात केली. जिभाऊंनी वाकून खुराजवळची गारगोटी उचलली, खिशात टाकली आणि म्हणाले, "घोडा ऱ्हाऊ द्या."

नवशिक्याला ते नदीवर सोबत नेतात आणि फसू देतात. पाण्यात प्रत्येक दगड झळकतो. मध, डाळिंब, ढग, काय वाटेल ते दिसतं. माणूस पिशवी भरून घरी येतो आणि सकाळी बघतो तर पिशवीत मातकट खडे. "ओला दगड खोटं बोलतो," हा जिभाऊंचा पहिला धडा. झिलई झाली की नाही हे ते कधीही ओल्या दगडावर ठरवत नाहीत. धुवायचा, पुसायचा, वाळू द्यायचा आणि मग ट्यूबलाइटखाली धरायचा. ट्यूबची कड त्यात सरळ रेघेसारखी उमटली तर पास. नगरपालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार नमस्काराला आला, तेव्हा तो गेल्यावर जिभाऊ एवढंच म्हणाले, "अजून ओला आहे. निकालानंतर बघू."

त्यांचं सगळं जग आता नंबरांत वाटलेलं आहे. पहिली पूड कार्बोरंडमची, ८० नंबर. ती खडबडीतपणा खाते. मग २२०, मग ५००, आणि शेवटी झिलईची पूड, चष्म्याच्या काचा घासणारे वापरतात ते सिरियम ऑक्साइड. नंबर जितका मोठा, तितकी पूड बारीक. दगड गोल फिरणाऱ्या पिंपात घातले तर या सगळ्याला महिना लागतो, या थरथरणाऱ्या भांड्यात त्याहून पुष्कळ कमी. शिवाय पिंपात सगळे दगड शेवटी गोल होतात. थरथरीत ज्याचा आकार त्याच्यापाशी राहतो, फक्त अंग गुळगुळीत होतं. "शाळा अशी पाहिजे," असं ते दोन निवृत्त मुख्याध्यापकांना ऐकवून बसले आहेत.

नंबर बदलताना मात्र त्यांच्या जवळ जाऊ नये. भांडं, झाकण, दगड, नट, सगळं साबणाने धुऊन निघतं. दगडाच्या भेगांत टूथब्रश फिरतो. ८० नंबरचा एक कण जरी ५०० मध्ये शिरला तरी साऱ्या घाण्यावर ओरखडे पडतात. भोकं असलेला काळा दगड ते भांड्यात घेतच नाहीत, कारण तो आपल्या भोकांत जुनी पूड लपवून पुढच्या टप्प्यात आणतो. अशी माणसंही त्यांनी हेरून ठेवली आहेत आणि त्यांना ते चहाच्या पलीकडे थांबवून घेत नाहीत.

भांडं पाऊण तरी भरलेलं हवं; रिकामं राहिलं तर दगड एकमेकांवर आपटतात आणि अंगावर नखासारख्या चंद्रकोरी उमटतात. पाणी बेतानेच, दगड नुसते ओले राहतील इतकं. पाणी जास्त झालं की पूड तळाला बसते आणि दगड नुसते आंघोळ करत राहतात. कमी झालं की चिखल घट्ट होऊन सगळं जागेवर थिजतं. काकूंचा आमटीचा डाव या कामी गेला तो गेलाच. मे महिन्यात, पारा ४२ च्या पुढे गेला की भांड्यातलं पाणी बघता बघता उडतं. मग जिभाऊ दर थोड्या वेळाने उठून चमचाभर पाणी घालतात. मोटर तापू नये म्हणून घरातला एकुलता टेबल फॅन यंत्राकडे तोंड करून लावलेला असतो आणि जिभाऊ स्वतः बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत असतात. रोज सकाळी चहाआधी भांड्याचा मधला नट आवळणं हा त्यांचा नित्यनेम. थरथरीत नट सैल होणारच, हे त्यांना एसटीने शिकवलं आहे. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, तेव्हापासून हे शास्त्र सिद्ध आहे असं ते म्हणतात.

एक प्रकरण तेवढं नाजूक आहे. उरलेला राखाडी चिखल जिभाऊंनी सुरुवातीला मोरीत ओतला. दगडाची बारीक भुकटी पाइपच्या वाकणात जाऊन बसली आणि सिमेंटसारखी आवळली. मोरी फोडावी लागली. त्या दिवशी काकू जे बोलल्या ते गल्लीला पाठ आहे, पण इथे छापता येणार नाही. तेव्हापासून चिखल घमेल्यात वाळतो आणि कागदात बांधून कचऱ्यात जातो.

आवाजाबद्दल गल्लीत दोन तट होते. नव्याने राहायला आलेल्या एक बाई ज्वारीचा डबा घेऊन थेट दारात उभ्या राहिल्या. काकूंनी शांतपणे विचारलं, "जाडसर पाहिजे का बारीक?" कारण ८० ते ५०० सगळं त्यांच्या घरात मिळत होतं. बाकीच्यांना आता सवय झाली आहे. रात्री वीज गेली की गल्ली गरमीने नव्हे, आवाज थांबल्याने जागी होते आणि अंधारातून कोणीतरी ओरडतं, "जिभाऊ, चिखल थिजेल!" जिभाऊ बॅटरी घेऊन आधीच भांड्यावर वाकलेले असतात.

"झालं का?" हा प्रश्न त्यांना विचारू नये. त्यावर उत्तर ठरलेलं: "घाई काय शे?" मग गुजरातेतल्या खंबायतची गोष्ट सुरू होते. तिकडे अकीकचे मणी चामड्याच्या पिशवीत पूड-पाण्यासह भरत आणि दोन माणसं समोरासमोर बसून ती पिशवी इकडून तिकडे लोटत, दहा-पंधरा दिवस. "मला निदान मोटर आहे," जिभाऊ म्हणतात. त्याहून मागे जायचं असेल तर ते प्रकाशावर येतात. १९५५ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या माणसांची कॅल्सेडनीची, म्हणजे अकीकच्याच घराण्यातल्या दगडाची, धारदार पाती सापडली. "तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाला इथला दगड कळला होता," असं म्हणून ते समोरच्याकडे अशा नजरेने बघतात की तो आपसूक गारगोटी हातात घेतो.

नदीबद्दल त्यांना आदर आहे, पण आंधळा नाही. तापीचं काम त्यांनी तपासलेलं आहे. "८० नंबरपर्यंत केलं. पुढे कंटाळली." फक्त नर्मदेपुढे ते नमतात. धडगावकडच्या कोणीतरी नर्मदेतलं बाणलिंग चकाकी द्यायला आणलं होतं. जिभाऊंनी चपला काढल्या, ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट न्याहाळलं आणि परत दिलं. "हे पास झालेलं आहे."

लग्नकार्यात त्यांची थोडी धास्ती असते. एका भांड्यात एकाच काठिण्याचे दगड घालावेत, हा नियम. अकीकचं काठिण्य साडेसहा-सात, कॅल्साइटचं तीन. दोघे एकत्र घातले तर कॅल्साइट संपतो आणि अकीक तसाच राहतो. स्टेजवर चढून नवरा-नवरीला आशीर्वाद देताना जिभाऊंनी हे सविस्तर सांगितलं. नवरीने लगेच विचारलं, "मी कोणती, काका?" जिभाऊंनी नवऱ्याकडे क्षणभर बघितलं आणि तिला म्हणाले, "तू काळजी करू नको."

आहेरात ते गारगोटीच देतात, काड्यापेटीत कापूस घालून. विकत नाहीत. त्यामुळे निम्म्या शहाद्यात जिभाऊंचा माल आहे. पपईच्या व्यापाऱ्याच्या पावत्यांवर, शिंप्याच्या कापडावर, दवाखान्यातल्या माशांच्या टाकीत, मुलींच्या सागरगोट्यांत. फारशा उपयोगाचा नाही आणि कोणी फेकूनही दिलेला नाही.

जिभाऊंना वेडं ठरवणं सोपं आहे. गल्लीने तो ठराव कधीच मंजूर केला. पण आजूबाजूला बघितलं की दिसतं, आपल्याकडची बहुतेक कामं ८० नंबरवर सोडलेली असतात. रस्ता झाला, कडा राहिल्या. समिती झाली, अहवाल राहिला. घर झालं, प्लास्टर राहिलं. शेवटच्या पुडीपर्यंत टिकणारा माणूस गावात एखादाच, आणि तो नेमका निरुपयोगी दगड घासत बसलेला असतो. तरी असा शेजार मिळाला तर सोडू नका. मात्र घर भाड्याने घेण्याआधी एकदा भिंतीला कान लावून बघा, आणि पहिल्याच भेटीत "झालं का?" असं विचारू नका.