लुडविग्सहाफेनचे चक्रपाणी

परदेशात वसलेल्या मराठी मंडळींचे निरीक्षण करणाऱ्यास काही ठराविक प्रकारची माणसे प्रत्येक शहरात हटकून भेटतात : विमानाच्या तिकिटाचा भाव कोणत्या वारी उतरतो हे छातीवर हात ठेवून सांगणारे, हापूसची पेटी कोणत्या दुकानी कधी येणार याची बित्तंबातमी बाळगणारे, आणि गणेशोत्सवाच्या सभागृहाचे भाडे पूर्वी किती अल्प होते हे दरवर्षी नव्या आवेशाने ऐकवणारे; परंतु ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरील लुडविग्सहाफेन या कारखानदारीच्या शहरात ज्या गृहस्थांचा सहवास मला घडला, त्यांचा वर्ग याहून निराळा आणि, माझ्या नम्र मते, अधिक अभ्यसनीय आहे. आमच्या मंडळींत त्यांना चक्रपाणी म्हणतात. खरे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण त्यांचे सगोत्र वाल्डॉर्फला आहेत, स्टुटगार्टला आहेत, आणि हिंजवडीलाही असणारच. मोटारीच्या चाकाखेरीज अन्य विषयावर ते फार वेळ बोलल्याचे कोणास स्मरत नाही, आणि आपल्या एसयूव्हीच्या चाकाच्या बाबतीतही त्यांचा आग्रह एकच : ते उंच असावे, अरुंद असावे आणि स्वस्त असावे.

आता, इतक्या काटकसरी माणसाने एसयूव्ही घ्यावीच कशाला, ही शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ती माझ्याही मनात आली होती. त्याचे उत्तर कराडच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या त्यांच्या तीर्थरूपांच्या गुडघ्यांत दडलेले आहे. नव्वद दिवसांच्या परवान्यावर वडील येत, आणि बुटक्या मोटारीत बसताना व तीतून उठताना त्यांच्या मुखातून जे उद्गार निघत ते ऐकून शेजारचे जर्मन गृहस्थ खिडकी लावून घेत. तेव्हा पितृभक्तीस्तव उंच आसनाची मोटार घेणे प्राप्त झाले, आणि काटकसरीस्तव ती जुनी घेणे प्राप्त झाले. पहिल्या पिढीची टिग्वान मिळाली. पूर्वीच्या मालकाने, जो बहुधा अविवाहित असावा, तिला एकोणीस इंची चकचकीत अलॉय चढवले होते. ते पाहून आम्ही सारे हरखलो, चक्रपाणी मात्र चाकापाशी उकिडवे बसले, रबराच्या कडेवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "अहो, हा टायर नव्हे, ही लोखंडाला लावलेली किनार आहे!"

येथून त्यांच्या तत्त्वज्ञानाला प्रारंभ होतो, आणि ते निष्पक्षपातीपणे मांडणे हे माझे कर्तव्य आहे. कारण या गृहस्थांची खरी अडचण अशी, की ते बहुतेक बाबतींत बरोबर असतात. टायरच्या कुशीवर २५५/४० आर १९ असे जे आकडे कोरलेले असतात त्यांतला पहिला म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा किती रबराची भिंत उंच आहे ते प्रमाण, आणि तिसरा म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. या हिशेबाने त्या हौशी तरुणाच्या टायरची भिंत १०२ मिलिमीटरची. आणि त्याच गाडीला कारखान्याने मंजूर केलेल्या २१५/६५ आर १६ या मापाच्या टायरची भिंत जवळजवळ १४० मिलिमीटरची. गंमत अशी की दोन्ही चाकांचा एकूण व्यास ६८६ मिलिमीटरच्या आसपासच भरतो. म्हणजे बाहेरून चाक तेवढेच. फरक एवढाच की एकात धातू अधिक आणि दुसऱ्यात हवा अधिक. "धातूला पैसे पडतात," चक्रपाणी म्हणतात, "हवा पेट्रोल पंपावर फुकट मिळते."

पुढे ते सांगतात, की अरुंद टायर पाण्यातून जाताना त्याला बाजूला सारावे लागणारे पाणी कमी, म्हणून तो पाण्यावर तरंगू लागण्याची भीती कमी. तोच भार थोड्या रुंदीवर पडल्यामुळे तो बर्फाचा थर चिरून खालची घट्ट जमीन गाठतो. वाऱ्याला तो तोंड कमी देतो, म्हणून इंधन वाचते. आणि उंच भिंतीमुळे फुटपाथच्या दगडावर आपटला तरी रिम शाबूत राहतो. रुंद टायर वाळवंटात श्रेयस्कर, हे ते उदार मनाने मान्य करतात. मात्र लुडविग्सहाफेनमध्ये वाळवंट नाही, हे लगेच निदर्शनास आणून देतात. कोरड्या रस्त्यावर कडक ब्रेक मारण्याचा अगर वेगाने वळण घेण्याचा प्रसंग आला तर रुंद टायर सरस ठरतो, हा मुद्दा कोणी काढलाच तर त्यांचा स्वर एकाएकी खालच्या पट्टीत जातो आणि चहा निवत असल्याचे त्यांच्या लक्षात येते.

प्रतिपक्ष शास्त्राने नमला नाही, तर ते इतिहासाकडे वळतात. नदीच्या पलीकडे मानहाइम आहे. तेथे कार्ल बेंझ याने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या मोटारगाडीच्या पेटंटासाठी अर्ज दाखल केला तिची तिन्ही चाके सडपातळ होती, आणि १८८८ च्या ऑगस्टात त्याची पत्नी बेर्था ही दोन मुलांना घेऊन, पतीची अनुज्ञा न घेता, तसल्याच चाकांवर थेट फोर्झहाइमपर्यंत गेली, वाटेत वीसलोखच्या औषधालयातून इंधन विकत घेतले, आणि तिला रुंद टायरची आठवणही झाली नाही. नंतर विलीज जीप येते. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत ती जुळवण्यास आरंभ केला. तिचा टायर सहा इंच रुंद, सोळा इंची रिमवर, आणि तसल्या टायरांच्या आधारावर मामलेदारांपासून कलेक्टरांपर्यंत अवघा महसूल विभाग चिखल, नाले आणि दुष्काळ पार करून गेला. यानंतर लाडा निवा ही रशियन गाडी येते. फाल्त्सच्या अरण्यात एखाद्या शिकाऱ्याची निवा उभी दिसली की चक्रपाणी आपली गाडी थांबवून तिच्या १७५ मिलिमीटर रुंदीच्या टायरांचे दर्शन घेतात. आणि शेवटी, कोणी म्हटलेच की ही सारी जुनाट उदाहरणे झाली, तर बीएमडब्ल्यूने २०१३ साली काढलेली विजेवरची आय-थ्री पुढे होते : टायर १५५/७० आर १९, म्हणजे मोठ्या सायकलीचीच चाके. "आणि ही गाडी गरिबांसाठी नव्हती बरे," असे म्हणून ते विजयी मुद्रेने टाळी मागतात.

सिद्धान्त सिद्ध झाला, राहिली खरेदी. नवे टायर दुकानातून घेणे हे त्यांच्या लेखी पराभव पत्करण्यासारखे. ज्या रसायनाच्या कारखान्यात ते नोकरीस आहेत, त्यानेच १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणून हिंदुस्थानातील निळीचा धंदा बुडवला. ती वसुली या शहराकडून यथाशक्ति करून घ्यावी, असा त्यांचा संकल्प दिसतो. तो सिद्धीस नेण्यासाठी ते जुन्या मालाच्या जाहिराती सकाळ-संध्याकाळ चाळीत, आणि अखेरीस हासलोख गावच्या एका वृद्ध जर्मन गृहस्थाकडे काळे पोलादी रिम व त्यांवर चढवलेले हिवाळी टायर असा मुद्देमाल असल्याचा शोध लागला. या भेटीस मी साक्षीदार होतो. चक्रपाणींनी प्रथम रिमवरची पाच भोके मोजली, ती ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर असल्याची खातरजमा केली. मग पुढचा ब्रेक सोळा इंची रिममध्ये मावतो की नाही हे घरून कापून आणलेल्या पुठ्ठ्याने पाहिले. मग टायरवरील चार आकडी शिक्का वाचून तो कोणत्या वर्षीच्या कोणत्या आठवड्यात जन्मला हे काढले. आणि शेवटी खिशातून एक युरोचे नाणे काढून रबराच्या खाचेत उभे केले. नाण्याची सोनेरी कड सुमारे तीन मिलिमीटरची असते. ती बुडून वर आणखी खोली उरली तर टायरमध्ये जीव आहे असे समजावे. कायद्याने १.६ मिलिमीटर पुरतात, पण हिवाळ्यासाठी चार हवेत, असे जाणते सांगतात. टायरवर खर्ची घातलेला युरो जसाच्या तसा परत मिळण्याचा हा एकमेव प्रसंग असल्यामुळे चक्रपाणींनी तो प्रत्येक खाचेत घालून पाहिला. म्हातारा हे सारे पाहत होता. मला वाटले, आता हा आम्हांस हाकलणार. पण त्याने आत जाऊन स्वतःचे खाच मोजण्याचे पितळी उपकरण आणले, आणि ते दोघे चाकाशेजारी मांडी ठोकून बसले. भाव ठरला तेव्हा अंधार पडला होता. किंमत उतरली ती अत्यल्प, पण निरोप घेताना दोघांचेही डोळे पाणावले होते, आणि म्हातारीने केकचा तुकडा कागदात बांधून दिला.

तथापि चक्रपाणींचे खरे मनोगत निराळेच होते. २१५/६५ हे त्यांच्या दृष्टीने केवळ अरुंद. उंच म्हणावे असे माप २१५/७०. ते चढवले असता भिंत पावणेअकरा मिलिमीटरने वाढते, आणि गाडीचे पोट रस्त्यापासून तेवढेच वर उचलले जाते. परंतु जर्मन राज्यात चाकाचे माप ही खाजगी बाब नाही. गाडीच्या अनुरूपतेच्या दाखल्यात जी मापे नमूद असतील ती मालकाच्या हक्काची. त्याबाहेरचे प्रत्येक माप तपासनीसापुढे रुजू करून, शुल्क भरून, दफ्तरी नोंदवून घ्यावे लागते, नाहीतर गाडी रस्त्यावर आणण्याचा अधिकारच संपुष्टात येऊ शकतो. चक्रपाणी कचेरीत वाढलेले. त्यांनी अर्ज लिहिला. जर्मन भाषेत, पण थेट वडिलांच्या वळणाचा, प्रारंभी विनंती, मध्ये सहा कलमे व शेवटी उपकाराची आशा असा. आणि तो घेऊन ते तपासणी केंद्रात दाखल झाले.

तपासनीस सभ्य होता. त्याने सांगितले, की परीघ शेकडा तीनने वाढेल. काटा शंभर दाखवील तेव्हा गाडी अधिक वेगाने धावत असेल. आणि वेगदर्शकाने खऱ्याहून कमी वेग दाखवणे नियमबाह्य आहे. चक्रपाणी या क्षणाचीच प्रतीक्षा करीत होते. ते म्हणाले, "साहेब, कारखान्यातून येणारा प्रत्येक वेगदर्शक मुळातच थोडा अधिक वेग दाखवतो, हे आपण जाणता. म्हणजे आज माझी गाडी माझ्याशी असत्य बोलते. माझे टायर तिला सत्य बोलावयास लावतील." तपासनीस क्षणभर स्तब्ध झाला; मला तर वाटले की शिक्कामोर्तब झालेच. पण तो उत्तरला, "सत्य बोलण्यास हरकत नाही, मात्र ते मोजमाप करून सिद्ध करावे लागेल." त्या मोजमापाचा खर्च चारही टायरांच्या किमतीहून अधिक निघाला. पावणेअकरा मिलिमीटरचा तो कज्जा चक्रपाणी हरले. तरी अर्जाची नक्कल त्यांनी फाइलीत जपून ठेवली आहे, आणि घरी आलेल्या पाहुण्यास ती चहाबरोबर वाचावयास मिळते.

जर्मन लोक हिवाळी टायर ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत वापरावे असे सांगतात. चक्रपाणींनी त्याचे रूपांतर दसरा ते गुढीपाडवा असे केले आहे, आणि मुदत जवळपास तीच भरते. दसऱ्याच्या सकाळी खाली अंगणात जॅक, पाना आणि बोल्ट आवळण्याचा मोजमापी पाना यांची पूजा होते, उतरवलेल्या चाकांवर खडूने पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. अशी अक्षरे पडतात, आणि ती चाके तळघरातील जाळीच्या खोलीत, वहिनींच्या लोणच्याच्या बरण्यांना कोपऱ्यात सारून, सहा महिन्यांच्या मुक्कामास जातात. वहिनींनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. फक्त दर वर्षी त्या दिवशी श्रीखंड थोडे आंबट असते.

उणीव राहिली होती ती बर्फाची. ऱ्हाइनच्या खोऱ्यातला हा मुलूख जर्मनीच्या मानाने उबदार. जवळच्या द्राक्षमळ्यांच्या उतारावर बदाम फुलतात आणि अंजीर पिकतात. बर्फ चिरणारे टायर घेऊन बर्फाची वाट पाहणाऱ्याची जी मनःस्थिती होते तिचे वर्णन मी करू शकत नाही. अखेर एका जानेवारीत कराडची मंडळी आली असता, त्यांना हिमदर्शन घडवण्याच्या निमित्ताने, ६७३ मीटर उंचीच्या काल्मिट डोंगराकडे मोहीम निघाली. मायकामर गावापासून वरपर्यंतचा रस्ता सरकारी यंत्राने इतका स्वच्छ खरवडला होता आणि त्यावर इतके मीठ टाकले होते, की चक्रपाणींच्या मुखावर प्रथमच जर्मन कार्यक्षमतेविषयी संताप दिसला. बर्फ होता तो फक्त वरच्या वाहनतळावर. तेथे त्यांनी गाडी गोल फिरवली, उलटी फिरवली, थांबवली, पुन्हा फिरवली. मागून आई म्हणाल्या, "अरे, पुरे आता, भोवळ आली मला." वहिनी म्हणाल्या, "अहो, फोटो राहिला." कोणाचेच त्यांना ऐकू जात नव्हते. शेवटी वडील खाली उतरले, न कण्हता उतरले हे नमूद केले पाहिजे, काठी टेकीत चाकापाशी गेले, आणि म्हणाले, "मामलेदारसाहेबांच्या जीपची अशीच होती." या दाखल्यापुढे तपासणी केंद्राची मंजुरी काय हो! परतीच्या वाटेवर चक्रपाणी एक शब्दही बोलले नाहीत, ही घटना आमच्या मंडळात अद्याप चर्चिली जाते.

आता त्यांनी इतरांचा उद्धार आरंभला आहे. कोणी नवी गाडी घेतली की अभिनंदनापूर्वी तिच्या टायरचा आकडा विचारला जातो, आणि दुसऱ्या दिवशी कोष्टक हजर होते. माझ्याजवळ मोटार नाही, केवळ एक सायकल आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. परंतु गेल्या पावसाळी संध्याकाळी ते माझ्या दाराशी वाकून सायकलीचे चाक फूटपट्टीने मोजताना आढळले. दुर्दैवाने सायकलीच्या बाबतीत शास्त्र त्यांच्या विरुद्ध जाते : हवेचा दाब तोच ठेवला तर रुंद टायरच हलका चालतो, आणि हे त्यांना ठाऊक आहे. त्या द्विधेत ते कित्येक दिवस दिसले नाहीत. मग एका रात्री उशिरा त्यांचा दूरध्वनी आला. निर्णय झाला होता. "तुम्ही असे करा," ते म्हणाले, "पायीच जात जा."