टाकी १४ किलोची, पाणी २२ किलो!

"अहो मालूताई, ऐकलंत का? आमची गॅसची टाकी महिन्याच्या आत संपली! आणि भांड्यांची बुडं बघा, काळीठिक्कर. सूनबाईला म्हटलं, गॅसवर रांधतेस की चुलीवर?"

"तिला कशाला बोलता, शोभावहिनी? ज्योत निळी असते की पिवळी?"

"पिवळी. शेंडा नुसता नाचत असतो."

"मग गॅसला पुरेशी हवा मिळत नाहीये. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. हिशेबापुरतं ब्युटेनच धरू. एका रेणूत ४ कार्बन, १० हायड्रोजन. नीट जळलं की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी."

"हेच ते नातवाचं दहावीचं! काल समीकरण संतुलित करता करता रडकुंडीला आला. शेवटी एचटूओचं एचटूओटू केलं आणि पळाला खेळायला."

"अगं बाई! पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून ठेवलं की त्यानं! रेणूच्या आतला आकडा बदलला की पदार्थच बदलतो. हात लावायचा तो फक्त पुढच्या आकड्याला."

"मग जमवायचं कसं?"

"आधी कार्बन. आत ४, म्हणून बाहेर ४ कार्बन डायऑक्साइड. मग हायड्रोजन. १० आहेत, म्हणजे ५ पाणी. ऑक्सिजन शेवटी मोजायचा. ८ आणि ५, झाले १३ अणू. पण हवेतला ऑक्सिजन जोडीनंच फिरतो, आपल्या कोपऱ्यावरच्या वकील नवरा-बायकोसारखा."

"हल्ली बोलत नाहीत म्हणे एकमेकांशी!"

"फिरतात ना जोडीनं? झालं तर. १३ अणूंच्या साडेसहा जोड्या. अर्धी जोडी कुठून आणायची? म्हणून सगळंच दुप्पट करायचं. २ ब्युटेन, १३ ऑक्सिजन. त्यातून ८ कार्बन डायऑक्साइड आणि १० पाणी."

"गॅसमधून एवढं पाणी?"

"१४.२ किलोची टाकी जाळून संपेस्तोवर सुमारे २२ किलो पाणी वाफ होऊन जातं. वर ४३ किलो कार्बन डायऑक्साइड."

"काहीतरीच! १४ किलोचे ६५ किलो?"

"हवेतून ५१ किलो ऑक्सिजन आला, तो कोण धरणार? आधीचं वजन आणि नंतरचं वजन सारखंच. फ्रान्सच्या लाव्हॉझिएनं १७८९च्या पुस्तकात हे मांडलं. ५ वर्षांनी क्रांतिकारकांनी त्याचं मुंडकं उडवलं."

"अगंबाई! रसायनापायी?"

"छे हो, करवसुलीच्या धंद्यात भागीदार होता ना! ते असो. हवा कमी पडली की थोडा कार्बन जळायचाच राहतो. तीच तुमच्या भांड्यांवरची काजळी. गॅस संपतो, पण त्याची आच पुरती मिळत नाही. थोड्या कार्बनचा मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग, पण जीवघेणा. तेव्हा बर्नर साफ करून घ्या आणि खिडकी उघडी ठेवा."

"ठेवते बाई. आणि उद्या भजनी मंडळात सांगतेच, टाकीतून २२ किलो पाणी निघतं म्हणून!"

"थांबा, थांबा! ऑक्सिजनचं आधी सांगा. नाहीतर सगळ्या बायका बादल्या घेऊन एजन्सीच्या दारात उभ्या राहतील!"