किनारेकर

दिवाळीचे पाहुणे परतले आणि मालगुंडच्या सुरूच्या बनात सकाळी शाल घ्यावीशी वाटू लागली, की किनारेकर येतात. हे त्यांचं कागदावरचं आडनाव नव्हे. कागदावर ते कुणीही असू शकतात: बँकेतून निवृत्त, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, किंवा एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागातून मुदतीआधीच सुटलेले. पण गावाच्या नावाला ‘कर’ जोडून माणूस ओळखायची आमच्या मुलखाची सवय जुनी. ज्याला कुठल्याच गावात एका रात्रीच्या वर राहायचं नाही आणि सगळा किनाराच चालून संपवायचा आहे, त्याला दुसरं म्हणणार तरी काय?

किनारेकर लांबून ओळखू येतात. मानेवर फडकं सोडलेली टोपी, अकरा खिशांची विजार, गळ्यात शिट्टी, खांद्यावरून तोंडापर्यंत आलेली पाण्याची नळी आणि दोन्ही हातांत काठ्या. त्या काठ्या बघून आमच्या शेजारच्या आजींनी कळवळून विचारलं होतं, “दोन्ही गुडघे गेले काय हो?” किनारेकरांनी त्यांना काठ्यांमुळे गुडघ्यांवरचा भार कसा कमी होतो ते समजावून सांगितलं. आजींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन तेलाची वाटी आणली.

प्रत्येक किनारेकराच्या पाठीशी एक बेट असतं. बहुतेकांचं ते इंग्लंडच्या दक्षिणेला असतं, कारण मुलगा तिकडे असतो. नातवाला सांभाळायला म्हणून सहा महिने गेलेले किनारेकर एका सुट्टीत मुलाबरोबर बोटीने आयल ऑफ वाइटला जातात. त्या बेटाच्या कडेकडेने सुमारे ११० किलोमीटरची पायवाट आहे, चालणारे ती साधारण चार दिवसांत पुरी करतात. निघालेल्या ठिकाणी परत येतात आणि घरी जातात. किनारेकरही घरी आले, पण बेट काही उतरलं नाही. परतल्यापासून त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात “तिकडे काय आहे, की” अशी होते. तिकडे वळणावळणावर बाणाच्या पाट्या. तिकडे शेताच्या कुंपणाला चालणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेल्या पायऱ्या. तिकडे गायीसुद्धा वाट सोडून चरतात म्हणे.

हे सगळं इकडे व्हायला एकच अडचण होती. मालगुंड हे बेट नाही. पण तीस वर्षं फायली हलवलेला माणूस भूगोलाला दबत नसतो. ओसरीवर नकाशा पसरून त्यांनी मला समजावलं, “मालक, हे बघा. पश्चिमेला समुद्र. उत्तरेला जयगडची खाडी. दक्षिणेला भाट्याची खाडी. झालं की नाही बेट?”

“आणि पूर्वेला?”

“पूर्वेला सह्याद्री. त्याचं बघू.”

त्याचं बघणं झालं ते गणपतीपुळ्यात. तिथे डोंगरालाच गणपती मानून त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतात. डोंगर उजव्या हाताला राहतो आणि देवळासमोर आलं की समुद्र डाव्या. ती फेरी घालताना किनारेकरांना साक्षात्कार झाला. समुद्र कायम डावीकडे ठेवून चालत राहिलं, तर उजवीकडे आख्खा भारत येतो! तेव्हापासून ते भारताची प्रदक्षिणा करत आहेत. सुरुवात रत्नागिरीकडून, तोंड उत्तरेला: मिऱ्या, काळबादेवी, आरे-वारे, नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे, मालगुंड, वरवडे, उंडी, जयगड. कुणी चुकून उलट, जयगडहून रत्नागिरीकडे निघायचं सुचवलं तर त्यांच्या चेहऱ्यावर अप्रदक्षिणेचं पाप दिसतं. एरवी ते देव मानत नाहीत.

चालायची वेळ सकाळी आठ. ही वेळ इंग्लंडमध्ये ठरलेली असल्यामुळे तिला समुद्राचं बंधन नाही. एकदा त्यांनी फोनमध्ये बघून जाहीर केलं, की आज भरती सव्वाआठला. अंगणात जाळं विणत बसलेल्या तांडेलाने मान वर न करता विचारलं, “आज तिथी काय?” एकादशी होती. “अकराची पाऊणपट करा.” सव्वाआठ आले. आमच्याकडे भरतीचं गणित एवढंच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, पुढे सहा तासांनी ओहोटी. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. किनारेकरांना उपग्रह आणि पंचांग यांचं एकमत झालेलं आवडलं नाही. थोडा फरक पडला असता तर त्यांना कुणाला तरी दुरुस्त करता आलं असतं. दोघांचं ऐकूनही ते शिस्त म्हणून आठलाच निघाले. गायवाडीची पुळण संपून कातळ लागतो तिथे पाणी उभं होतं. ते उतरेपर्यंत सगळी मंडळी एका खडकावर बसून राहिली. संध्याकाळच्या वृत्तान्तात त्याची नोंद ‘सागराशी संवाद’ अशी झाली.

किनारेकर येतात ते एकांतासाठी. तसं ते सर्वांना सांगतात, बहुधा मोठ्याने. पण कोकणचा किनारा ही एकांताची जागा नव्हे, ते आमचं मागचं अंगण आहे. तिथे सुकत घातलेली मासळी असते, उपडी टाकलेली होडी असते, ओहोटीला खडकावर कालवं काढणाऱ्या बाया असतात. अनोळखी माणूस पायी दिसला, की विचारपूस ही आलीच. “गाडी बंद पडली काय?” “नाही, चालतोय.” “ते दिसतंय. पण कशाला?” या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या अकरा खिशांपैकी एकातही नसतं. रस्ते आणि यष्टी येईपर्यंत आमची माणसं बाजाराला, कोर्टाला, मुलीच्या सासरी पायीच जात, मध्ये खाडी आली की तर गाठत. त्या पिढीला चालणं हे औषध आहे हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिने ते नक्की चुकवलं असतं.

खरा एकांत गणपतीपुळ्याच्या पुळणीवर मिळेल अशी त्यांची आशा होती. ओहोटी गाठायची म्हणून या खेपेला त्यांनी पाऊणपट स्वतःच केली आणि वद्य चतुर्थी काढली. चारची पाऊणपट तीन, म्हणजे सकाळी नऊला पाणी पार खाली. हिशेब अचूक होता. फक्त वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, हे त्यात आलं नव्हतं. पुळणीवर दोन-तीन जिल्ह्यांची माणसं, भेळेच्या गाड्या, सजवलेले उंट आणि त्या सगळ्यांतून काठ्या टेकत, “एक्स्क्यूज मी” म्हणत चाललेले किनारेकर. एका उंटवाल्याने त्यांना थकलेलं बघून भाव निम्म्यावर आणला.

सडा चढायची वेळ आली, की मोहिमेत रिक्षा शिरते. आमचा किनारा सपाट नाही. पुळण संपली की कातळ, कातळावर सडा, सडा उतरला की खाडी. जांभ्याचा तो सडा दुपारी तव्यासारखा तापतो आणि वर सावलीला झाड नसतं. किनारेकर मग गंभीरपणे घड्याळ बघतात आणि वरवड्यापर्यंत ‘वाहतूक टप्पा’ जाहीर करतात. रिक्षातही ते समुद्राच्या बाजूला, म्हणजे डावीकडेच बसतात. प्रदक्षिणा मोडत नाही.

मालगुंडात मात्र ते मनापासून थांबतात, कारण इथे केशवसुत आहेत. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म इथला, १८६६चा. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे त्यांचं स्मारक उभारलं आणि १९९४मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. स्मारकात शिरलं की किनारेकर टोपी काढतात, ‘तुतारी’ म्हणायला सुरुवात करतात आणि दोन ओळींनंतर उरलेली कविता भावमुद्रेने पूर्ण करतात. मग बेट येतंच. “तिकडे काय आहे, की टेनिसन त्या बेटावर राहायचा. आख्ख्या टेकडीला त्याचं नाव दिलंय. रोज तिथे फिरायला जायचा.” आमच्या कवीच्या नशिबी असलं फिरणं नव्हतं. नोकरीसाठी गावं बदलत त्यांची उमर गेली आणि १९०५मध्ये हुबळीला प्लेगने ते गेले तेव्हा चाळिशीही उलटली नव्हती. एवढ्या काळात त्यांनी मराठीत सुनीत आणलं. त्याला ओळी चौदाच. त्याच स्मारकाच्या पायऱ्यांवर किनारेकरांनी ‘मी आणि किनारा’ या विषयावर सोबत्यांना जे सांगितलं, ते ऐकताना चौदा या आकड्याची थोरवी मला पटली.

सोबती म्हणजे सहा-सात माणसं. त्यांत नुकतं मधुमेहाचं निदान झालेला एक, सगळ्या पक्ष्यांना ‘समुद्रपक्षी’ म्हणणारा एक, आणि दर वर्षी “पुढच्या वर्षी नाही हं” म्हणून दर वर्षी येणाऱ्या दोघी बहिणी. सौ. किनारेकर चालत नाहीत. त्या सामान घेऊन रिक्षाने पुढे येतात. ‘निवास व न्याहारी’च्या पाटीखाली किनारेकर फोड आलेल्या पायांनी येऊन टेकतात, तोवर वहिनी आमच्या माजघरात बसून नारळ खवत असतात. भंडारपुळ्याची कुणाची मुलगी उंडीला दिली, यंदा आंब्याला मोहोर का उशिरा, कोकमाची आगळ कुणाकडची घ्यावी, हे त्यांना तोंडपाठ झालेलं असतं. जेवताना किनारेकर विचारतात, “हे तुला कुणी सांगितलं?” वहिनी म्हणतात, “तुमच्याआधी तीन तास आले ना मी.” मग ते दुसरा मोदक घेतात आणि पावलांचा आकडा पुन्हा एकदा वाचून दाखवतात.

चौथ्या दिवशी जयगड. किल्ला, दीपगृह, बंदरातली मोठी जहाजं आणि तवसाळला जाणारी फेरीबोट. बोट बघून ते बेटाच्या आठवणीने हळवे होतात. सोबती तेवढ्यात रत्नागिरीच्या यष्टीत जागा धरतात. पन्नासेक किलोमीटर झालेले असतात, रिक्षा धरून.

गेल्या खेपेला ते निरोप घ्यायला आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. भारताचा किनारा सुमारे साडेसात हजार किलोमीटर, हे शाळेत शिकलेलं. दर डिसेंबरला पन्नास या हिशेबाने दीडशे वर्षांत प्रदक्षिणा पुरी, असं त्यांनी वहीत मांडून ठेवलं होतं. आता गृह मंत्रालयाच्या २०२३-२४च्या अहवालात नव्या मोजणीचा आकडा आला: ११,०९८ किलोमीटर. खाड्या, आखातं, वाकणं सगळी बारकाईने धरली आणि एकट्या महाराष्ट्राचा किनारा साडेसहाशेवरून पावणेनऊशेच्या वर गेला. शिवाय देशाच्या आकड्यात अंदमान आणि लक्षद्वीपची बेटंही आहेत. इतकी वर्षं चालून उरलेलं अंतर कमी व्हायच्या ऐवजी साडेतीन हजारांनी वाढलेला हा एकमेव प्रवासी असावा.

“म्हणजे आता दोनशे बावीस वर्षं,” ते म्हणाले. क्षणभर थांबले. मग बेटांची आठवण होऊन डोळे चमकले. “पण मालक, मधल्या काळात खोली आपलीच. गीझरवाली.”

“राखून ठेवतो की,” मी म्हटलं. “आगाऊ रक्कम तेवढी आत्ता देऊन ठेवा.”